खेळण्यातलं पुणे हवं असेल तर लेन्स नको, गच्ची शोधा

लक्ष्मी रस्त्याचा, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काढलेला तुमचा फोटो पाहिला. अ‍ॅपमध्ये वर-खाली ब्लर देऊनही रस्ता खेळण्यातला वाटत नाही, नुसताच धूसर दिसतो, तर टिल्ट-शिफ्ट लेन्स (तिरकी करून फोकसचा पट्टा अरुंद करता येणारी) घ्यावी का, असं विचारलंय तुम्ही. माझंही अगदी हेच दुखणं होतं. मी हौशी माणूस आहे, व्यावसायिकांचं मत वेगळं असू शकेल. पण माझं म्हणाल तर लेन्स घेऊ नका. ती महाग पडते आणि तुमची अडचण उंचीची आहे.

मॉडेल, म्हणजे छोटी प्रतिकृती, आपण वरून आणि जवळून बघतो. त्यामुळे नजर तिरकी खाली जायला हवी, साधारण 30 ते 45 अंशांत. फ्रेममध्ये आकाश अजिबात नको. पर्वतीवरून उंची मिळते, पण शहर लांब राहतं आणि झूम केलं तरी कोन चपटाच राहतो. चौकालगतची सहा-सात मजली गच्ची सगळ्यात उत्तम.

गच्चीपायी मी जे भोगलं ते मात्र सांगतोच. एका चौकातल्या उंच इमारतीत एक कार्यालय आहे, नाव घेत नाही. पाऊस उघडताच तिथे अर्ज दिला, कारण तेव्हा हवा धुतलेली असते. लांबच्या वस्तूंवर चढणारा निळसर धूसरपणा डोळ्याला अंतर सांगतो. मॉडेलवर तो नसतोच. आधी म्हणाले पत्र आणा, मग साहेब दौऱ्यावर, मग अर्जच सापडेना. परवानगी आली तेव्हा थंडी पडली होती आणि सकाळभर धुरकं. सरळ नाही म्हणाले असते तर दुसरी गच्ची शोधली असती. त्या टोलवाटोलवीत अख्खा मोसम गेला, याचा राग अजून आहे. म्हणून सांगतो, कार्यालयांच्या नादी लागू नका. एखाद्या सोसायटीच्या चेअरमनना प्रत्यक्ष भेटा, मोबाइलवर नमुना दाखवा, होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

ड्रोनचं मनात असेल तर सावध. लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर क्षेत्र तपासल्याशिवाय उडवू नका. नियमांतला मी जाणकार नाही.

आता ब्लर. तुमच्या फोटोत डावीकडचा विजेचा खांब बघा: बुंधा स्पष्ट, वरचं टोक पुसट. मॉडेलचा जवळून फोटो काढला तर उभ्या खांबाचा बुंधा आणि टोक साधारण सारख्याच अंतरावर असतात, म्हणून बुंधा स्पष्ट तर टोकही बरंचसं स्पष्ट. अ‍ॅपचा आडवा स्पष्ट पट्टा हे ओळखत नाही. खांब, झाडं, इमारतींचे कोपरे मास्क करून, म्हणजे तेवढा भाग वेगळा निवडून, ब्लरमधून सोडवा. काम किचकट आहे, पण सगळी जादू इथेच आहे. ब्लर पट्ट्यापासून लांब जाताना हळूहळू वाढू दे, एकदम नको. रंग थोडे चढवा, रिक्षाचा पिवळा आणि बसचा लाल ऑइलपेंट दिल्यासारखा दिसला पाहिजे.

जमलं तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. एका डब्याजवळ डोळा नेऊन बघा, मागचं-पुढचं किती पटकन विरघळतं ते कळेल. तेवढाच ब्लर द्यायचा.

मूळ फोटो ब्लरशिवाय टाकलात तर मास्क कुठून कापायचा ते त्यावर खुणा करून देतो.