बाबांच्या जुन्या निकॉन लेन्स आहेत, कोणती मिररलेस बॉडी घेऊ?

सेकंडहँड चालत असेल तर सरळ फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी घे. क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर बाबांची ५० एमएम साधारण ७५ सारखी दिसते, पोर्ट्रेटला मस्त पण घरात मागे सरकायला जागा कुठेय, आपले ठाण्यातले वन बीएचके माहितीयेत ना तुला 😄

माझ्याकडे सोनी ए७ मार्क २ आहे, २०१४ चं मॉडेल, जुनंय पण बॉडीतच ५ अ‍ॅक्सिस स्टॅबिलायझेशन आहे, म्हणजे हात हलला तरी ती सांभाळून घेते, आणि जुन्या लेन्सला तेच हवं, कारण लेन्समध्ये तसलं काही नसतं. फक्त फोकल लेंथ (५० एमएम वगैरे) मेन्यूत हाताने टाकायची. आणि 'रिलीज विदाउट लेन्स' ऑन कर, नाहीतर लेन्स लावलीये हेच कॅमेऱ्याला कळत नाही आणि शटरच पडत नाही, मी पहिल्या दिवशी तलावपाळीवर अर्धा तास लेन्स बॉडीला जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरलाच शिव्या घालत बसलेलो.

अ‍ॅडॉप्टर साधा, काच नसलेला घे. निकॉन एफ माउंटला सेन्सरपासून ४६.५ एमएम अंतर लागतं, सोनीला १८, मधली जागा तो भरतो, बाकी काही नाही. फोकस हातानेच, पीकिंगपेक्षा (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवतं ते) मॅग्निफाय करून बघ, एफ १.८ इतकी लेन्स उघडी असताना पीकिंग फसवतं.

निकॉन झेड५ पण छान आहे, बजेट असेल तर बघ, पण एफटीझेडमध्ये (जुन्या लेन्स झेडला लावायचा निकॉनचाच जोड) मोटर नाही, त्यामुळे बॉडीच्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालणार नाही.

आणि बॉडी घ्यायच्या आधी लेन्समधून टॉर्च मारून बघ रे, आपल्या इथल्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला फंगस लागलेलीच असते.