वाचक विचारतात : वाळूच्या बातम्यांवर संशोधन

प्रश्न : पत्रकारितेच्या एम.ए.साठी गिरणा नदीतल्या वाळूउपशाच्या बातम्यांवर प्रबंधिका लिहायची आहे. ‘बातम्या मोजण्यात कसलं आलंय संशोधन?’ असं सगळे म्हणतात. या विषयाला काही परंपरा आहे का? सुरुवात कशी करू?
– एक विद्यार्थिनी, भडगाव

उत्तर : परंपरा चांगली ५० वर्षांची आहे. पर्यावरणाच्या प्रश्नाकडे लोकांचं लक्ष एकदम वळतं आणि प्रश्न न सुटताच ओसरतं, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९७२ मध्ये मांडलं. त्यानंतर बातम्यांची चढउतार मोजणं बरंच झालं. २००४ मध्ये मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी चार अमेरिकी दैनिकांतल्या हवामानबदलाच्या ६३६ बातम्या तपासल्या. निम्म्याहून जास्त बातम्यांत ‘हवामान माणसामुळे बदलतंय’ आणि ‘तसं नाही’ या दोन्ही बाजूंना सारखंच वजन होतं. शास्त्रज्ञांचं मत मात्र तसं निम्मं-निम्मं नव्हतंच. मोजणीतूनच हा दोष उघडा पडला. तेव्हा ‘कसलं संशोधन’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आता गिरणा. वर्षभरातले निवडक १४ अंक पुरतात, असं पुस्तकात वाचाल. वाळूला ते चालत नाही, कारण पथकाने डंपर पकडला की बातम्यांची रांग लागते, मग महिनाभर शांतता. एखाद्या दैनिकाच्या जळगाव आवृत्तीचे एका वर्षाचे सगळे अंक घ्या, तालुक्याच्या पानांसकट. ‘पर्यावरण’ शब्द शोधलात तर हाती जवळपास काही लागणार नाही; ‘वाळू’, ‘रेती’, ‘डंपर’, ‘लिलाव’, ‘महसूल पथक’ शोधा. ई-पेपरचं पान पुष्कळदा नुसतं चित्र असतं, तिथे शोध चालत नाही. पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात.

प्रत्येक बातमीची तक्त्यात एक ओळ : तारीख, पान, कोण बोललं (तहसीलदार, पोलीस, शेतकरी), विषय गुन्हा, महसूल की पाणी. आणि एक रकाना ‘विहिरीचा उल्लेख आहे/नाही’ असा हवाच. वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की काठच्या विहिरींची पातळी खाली जाते. बातमीत डंपर आहे, दंड आहे आणि विहीर नाही, तर ती उणीव हाच तुमच्या अभ्यासाचा गाभा आहे.

घोळ होतो तो ‘गुन्हा’ आणि ‘महसूल’ यांत. डंपर जप्त, दंडही ठोठावला. मग टाकायचं कुठे? मथळा ठरवेल, असा नियम करा. मैत्रिणीला ५० बातम्या स्वतंत्रपणे नोंदवायला द्या आणि दोघींच्या नोंदींवरून क्रिपेनडॉर्फचा अल्फा, म्हणजे दोघींच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढा. ०.८० च्या वर आला तर पुढे चला, ०.६७ च्या खाली असेल तर नियम ढिले आहेत. नियम आधीच कागदावर उतरवा. अर्ध्यात बदललात तर मागच्या सगळ्या बातम्या पुन्हा नोंदवाव्या लागतील.