जुन्या घराचे सिमेंटचे पत्रे स्वतः काढले तर चालतील का? आणि चुरा कसा साफ करायचा?

तुम्ही म्हणताय पत्रे 'बहुतेक' ॲस्बेस्टॉसचे आहेत, म्हणजे सिमेंटमध्ये त्या खनिजाचे बारीक तंतू मिसळलेले. नुसतं बघून खात्री होत नाही, लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालीच कळतं, तोवर आहे असंच धरून चाला. मी पाडकामाच्या साइटवर देखरेख करतो, तिथेही हाच नियम.

पत्रा धड असेल तर डोक्यावर आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात, ग्राइंडर किंवा ड्रिल मारलं, हातोड्याने फोडलं की हवेत येतात आणि ठसकासुद्धा लागत नाही, आजार निघतो तो वीस-तीस-चाळीस वर्षांनी. त्यामुळे "आम्ही कायम असंच फोडतो, काय झालंय आम्हाला" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सिगरेट ओढणाऱ्याला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका अजूनच वाढतो.

थोडेच पत्रे असतील आणि तुमच्याकडच्या नियमात बसत असेल तर काढता येतात. आधी पंपाने हलकं पाणी मारून भिजवा, पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब टाकले की नीट मुरतं. हुकाचे नट गंजून बसलेले असतात, तिथे बोल्ट कापा, पत्रा हिसकू नका. अख्खा काढून हातोहात खाली घ्या, वरून टाकायचा नाही. आणि पत्र्यावर पाय अजिबात नको! जुना पत्रा ठिसूळ होतो, माणूस सरळ आरपार खाली येतो, कॅन्सर राहिला बाजूला.

रुमाल, सर्जिकल मास्क काही कामाचे नाहीत. पी100 किंवा एफएफपी3 दर्जाचा, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो, तोही दाढी असेल तर चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

खरा घोळ साफसफाईत होतो, काम झालं की कोणीतरी झाडू घेतोच. कोरडा झाडू नको, घरचा व्हॅक्यूमही नको, बारीक तंतू फिल्टरमधून मागच्या बाजूने परत हवेत येतात, ॲस्बेस्टॉसच्या कामासाठीचा हेपावाला (अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा) असेल तरच वापरा. नाहीतर ओल्या फडक्याने पुसा आणि फडकंही त्याच कचऱ्यात टाका. जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळा, वर ॲस्बेस्टॉस लिहा, बाकीच्या राडारोड्यात मिसळू नका, कारण तो पुढे कुठेतरी भराव म्हणून जातो. अंगावरचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, कामगारांच्या कपड्यांवरच्या धुळीने घरातल्या बायकांना मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) झालेला आहे.

जुन्या पाइपांवर हाताने चुरगळणारं आवरण दिसलं तर मात्र काम थांबवा, ते पत्र्यापेक्षा कितीतरी वाईट, ते लायसन्सवाल्या माणसांकडूनच काढून घ्या.