मेगर चाचणीनंतर केबल एकदा अर्थ केली (जमिनीशी जोडली) की पुरे होते का?

११ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) केबलला ५ केव्हीच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने, १० मिनिटे दाब (व्होल्टेज) दिल्यानंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे साठलेला विद्युतभार अर्थमध्ये उतरवणारा दांडा, टेकवला आणि ठिणगी पडली, म्हणजे केबल पूर्ण रिकामी झाली असे मानावे का, असे आपण विचारले आहे. तसे मानू नये.

केबलमध्ये विद्युतभार दोन प्रकारे साठतो. वाहक आणि स्क्रीन (वाहकाभोवतीचे धातूचे आवरण) यांच्यामधील साधा कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, हा पहिला प्रकार. सुमारे ३ किलोमीटर केबलचा कपॅसिटन्स १ मायक्रोफॅरड धरला, तर ५ केव्हीला त्यात १२.५ ज्यूल ऊर्जा असते. आणि ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच केबलला १८ केव्ही डीसी दिल्यास ती १६२ ज्यूलवर जाते. हा भार १०० किलोओहमच्या रोधातून अर्ध्या सेकंदात जवळजवळ संपतो, आणि ठिणगी पडते ती याचीच.

खरा धोका दुसऱ्या प्रकारात आहे. दाब बराच वेळ राहिल्याने इन्सुलेशनच्या आत भार मुरतो आणि तो तितक्याच सावकाश बाहेर येतो. पिळून वाळत टाकलेल्या गोधडीतून नंतरही पाणी ठिबकत राहावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे अर्थ काढून केबलचे टोक मोकळे सोडले, तर बाहेरून कोणताही पुरवठा नसताना वाहकावर पुन्हा दाब चढतो. रॉड काढण्यापूर्वी मीटरने दाखवलेले शून्य हे त्या क्षणापुरतेच खरे असते.

म्हणून अर्थ किती वेळ ठेवावा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोटर व जनरेटरच्या वाइंडिंगसाठी असलेल्या आयईईई ४३ या मानकामध्ये, जितका वेळ दाब दिला त्याच्या किमान चौपट वेळ डिस्चार्ज करावे असे सांगितले आहे. केबलसाठीही मी हाच हिशेब धरतो. म्हणजे आपल्या चाचणीनंतर ४० मिनिटे. साइटवर घाई असते हे मान्य, पण ही ४० मिनिटे कामाच्या वेळापत्रकात आधीच धरावीत.

मेगर बंद करताच लीड काढू नयेत. बहुतेक आधुनिक मेगर आतल्या रोधातून केबल डिस्चार्ज करतात आणि उतरणारा दाब पडद्यावर दाखवतात. तो उतरेपर्यंत थांबावे. त्यानंतर रॉडचा क्लॅम्प प्रथम अर्थला घट्ट जोडून, हात मुठीच्या मागेच ठेवून, रोध असलेले टोक वाहकाला लावावे आणि मगच थेट अर्थ जोडावा. सुरुवातीलाच थेट शॉर्ट केल्यास प्रवाहाचा जो झटका बसतो, तो माणसाइतकाच केबलच्या टर्मिनेशनलाही (टोकाच्या जोडणीलाही) मानवत नाही. तिन्ही फेज आणि स्क्रीन एकत्र जोडून अर्थ करावेत, कारण चाचणी न झालेल्या फेजवरही भार चढलेला असू शकतो. केबलच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा असेल, तर डिस्चार्ज पूर्ण झाल्याचे त्याला कळवेपर्यंत त्याने तेथे हात लावू नये.

चाचणी पुन्हा घ्यायची असेल तर हे सारे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. मागचा भार शिल्लक असताना त्याच ध्रुवतेने दाब दिला, तर चार्जिंगचा प्रवाह कमी भरतो आणि इन्सुलेशन आहे त्यापेक्षा चांगले दिसते.