मानसिक आजारांबद्दल लोकांमध्ये खरी समज वाढवायची तर काय करावं?

व्याख्यानं, पोस्टर, फेऱ्या यांपैकी कशाचा उपयोग होतो, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, ज्याने आजार भोगलाय तो स्वतः समोर बसून बोलला तर होतो. बाकीच्यावर माझा फारसा भरवसा नाही.

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. एकविसाव्या वर्षी सुरुवात झाली. दादा न्हाणीघरात नळ सोडून तासन्‌तास बसायचा. पाणी वाया घालवतो म्हणून आम्ही ओरडायचो. एकदा बाबांनी बाहेरून पाणी बंद केलं, तर तो कानांवर हात घट्ट दाबून रडायला लागला. त्याला आवाज ऐकू येत होते आणि पाण्याच्या धारेखाली ते जरा दबायचे. हे आम्हाला कळायला दोन वर्षं गेली.

कारण मामा. "घराबाहेर कळता कामा नये, याला नोकरी कोण देईल?" हेच त्यांचं पालुपद, आणि आईने ते ऐकलं. उपचार जितके लांबतात तितकं सावरणं अवघड होत जातं. ती दोन वर्षं दादाची गेली, मामांची नाही.

1992 पासून दर 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळतात. त्या दिवशी ताण, नैराश्य, मन मोकळं करा, हे सगळं बोललं जातं. बोलावंच. पण आवाज ऐकू येणाऱ्या माणसाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात साधारण 300 माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे, तरी शिकलेले लोकही "म्हणजे एका शरीरात दोन माणसं ना?" असं मला विचारतात. गोंधळ नावापासूनच आहे. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी 1908 मध्ये 'दुभंगणे' आणि 'मन' या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून ते नाव दिलं. त्यांना विचार, भावना, वागणं यांचा सांधा निखळणं म्हणायचं होतं, एका शरीरात दोन माणसं नव्हे.

जपानमध्येही नावाचा अर्थ 'मन दुभंगल्याचा आजार' असाच होता. 2002 मध्ये ते बदललं आणि त्यानंतर कितीतरी जास्त डॉक्टर रुग्णाला निदान तोंडावर सांगू लागले. बदलाची मागणी कुणाची होती? रुग्णांच्या घरच्यांच्या संघटनेची. मामा, घरच्यांची! लपवून बसले असते तर ते नाव आजही तसंच असतं.

"मेंदूतल्या रसायनांचा बिघाड" असं समजावणारी पोस्टर मला पुरेशी वाटत नाहीत. त्याने लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण शेजारी बसायला तयार होतातच असं नाही. दादाशी अर्धा तास गप्पा मारलेला माणूस मात्र पुढच्या वेळी आपणहून त्याच्याजवळ येऊन बसतो. हे मी कित्येकदा पाहिलंय.

एक मात्र आहे. सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मामांना गप्प करायच्या ईर्षेने मी एकदा चारचौघांत दादाचं निदान बोलून टाकलं, त्याच्यादेखत. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी चूक माझीच होती.

हे उत्तर आधी त्याला वाचायला दिलं. म्हणाला, "नाव घालू नकोस. नळाचं राहू दे."