वाचक विचारतात : कारखाना सरकारचा की कामगारांचा?

प्रश्न : युगोस्लाव्हिया आणि सोव्हिएत संघ, दोन्हीकडे सत्ता कम्युनिस्टांचीच. मग १९४८ मध्ये बिनसलं कशावरून? आणि कारखान्यातल्या कामगाराला त्याने काय फरक पडला?

उत्तर : तंटा तत्त्वाचा कमी, शब्द कोणाचा चालणार याचा जास्त. युगोस्लाव्हियाचे नेते टिटो सत्तेवर आले ते मुख्यतः स्वतःच्या पार्टिझन फौजेच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढलेल्या गनिमी फौजेच्या बळावर. बल्गेरियाशी संघराज्याची बोलणी असोत की अल्बानियात सैन्य धाडण्याची तयारी, ते मॉस्कोला विचारत बसेनात. २८ जून १९४८ला कॉमिन्फॉर्मने, म्हणजे मॉस्कोच्या पुढाकाराने चालणाऱ्या युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, युगोस्लाव्ह पक्षाला बाहेर काढलं. गंमत अशी, की आपण पक्के साम्यवादी आहोत हे दाखवायला टिटोंनी १९४९मध्ये शेतीचं सामूहिकीकरण, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सामूहिक शेती करणं, उलट जोरात रेटलं. ते फसलं आणि १९५३मध्ये शेतकऱ्यांना बाहेर पडायची मुभा मिळाली. खासगी जमिनीला मर्यादा दहा हेक्टरची.

कारखान्यात मात्र खरंच वेगळं घडलं. सोव्हिएत संघात कारखान्याच्या संचालकाला मंत्रालय नेमायचं आणि उद्दिष्टही वरून यायचं. यंदा उद्दिष्ट ओलांडलं की पुढच्या वर्षी ते वाढणार, म्हणून शहाणा संचालक कारखान्याची खरी क्षमता लपवायचा आणि कच्चा माल गरजेपेक्षा जास्त मागायचा. युगोस्लाव्हियात १९५०च्या कायद्याने कामगार परिषदा आल्या. परिषदेत १५ ते १२० निवडलेले सदस्य. तीसपेक्षा कमी कामगार असतील तर सगळेच सदस्य. संचालकाची नेमणूक सुरुवातीला तरी वरूनच व्हायची, हे विसरू नये.

पुढे खर्च आणि कर वजा जाता उरलेल्या पैशातून पगार किती आणि गुंतवणूक किती, हे ठरवण्यात परिषदेचा वाटा वाढला. गोम इथेच होती. कारखाना 'सामाजिक मालकी'चा, म्हणजे साऱ्या समाजाचा. नोकरी सोडली की त्यातला हिस्सा विकता येत नाही. मग यंत्रात पैसा कशाला अडकवा? पगार वाढवायचे आणि यंत्रांसाठी बँकेचं कर्ज काढायचं. नवा माणूस घेतला की वाटेकरी वाढतो, त्यामुळे भरतीलाही हात आखडता. साठच्या दशकात लाखो कामगार पश्चिम जर्मनीकडे निघाले, त्यामागे हेही एक कारण.

प्रश्न : पुढे मॉस्कोने समाजवादाचे वेगवेगळे मार्ग मान्य केले ना?

उत्तर : कागदावर, सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हियाच्या १९५५च्या बेलग्रेड जाहीरनाम्यात. कॉमिन्फॉर्मही एप्रिल १९५६मध्ये गुंडाळलं. पोलंडने बहुतेक शेती खासगी राहू दिली, ते खपलं. हंगेरीने १ नोव्हेंबर १९५६ला सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, म्हणजे वॉर्सा करारातून, बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ४ तारखेला पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टवर चालून आले.