चार सॉसेज आणि १९ ग्रॅम प्रोटीन

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरावीत आहे. वय १७, वजन ५८ किलो. दिवाळीपासून जिमला जातो आणि तिथल्या कुणीतरी सांगितलं म्हणून रोज संध्याकाळी घरीच हॉट डॉग करून खातो. कोपऱ्यावरच्या बेकरीतून लांब पाव आणतो, चार चिकन सॉसेज तव्यावर काळी पडेपर्यंत परततो, दोन पावांत भरतो, वर केचप. बोलायला गेलं की म्हणतो, 'आई, हे प्रोटीन आहे. आणि चिकन आहे, पोर्क नाही. तुमच्या वडापावापेक्षा केव्हाही बरं.' यानं कॅन्सर होतो असं मी वाचलं होतं, ते खरं का? नणंदेची तीन वर्षांची मुलगी रविवारी आमच्याकडे येते, तिलाही तो चकत्या करून भरवतो. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत पाठवते आहे.
– एक आई, कर्वेनगर

उत्तर : फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. नाहीतर मला पत्रं येतात ती 'मुलगा बाहेरचं काहीतरी खातो' एवढ्यावरच. आता त्या काहीतरीचं मी काय करू?

आधी धाकटीचं सांगते, कारण ते आजच बदलायचं आहे. तीन वर्षांच्या मुलाला सॉसेजच्या गोल चकत्या द्यायच्या नाहीत. लहान मुलाचा श्वासमार्ग साधारण तेवढ्याच रुंदीचा असतो. गुळगुळीत, दाबली जाणारी गोल चकती तिथे बुचासारखी बसते आणि ती खोकूनही निघत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१० मध्ये घशात अडकणाऱ्या खाण्याबद्दल निवेदन काढलं, त्यात हॉट डॉगचा आकारच बदला अशी मागणी होती. द्यायचंच झालं तर आधी उभे चार काप करायचे आणि मग त्यांचे बारीक तुकडे. अख्खी द्राक्षंसुद्धा अशीच उभी चिरून द्या. आणि भरवताना मूल बसलेलं हवं, घरभर पळणारं नको.

आता चिरंजीवांकडे येऊ. त्यांचा हिशोब त्यांच्याच पाकिटावरून मांडते. १०० ग्रॅममागे प्रोटीन १२ ग्रॅम, चरबी १८ ग्रॅम, सोडियम ८५० मिलिग्रॅम. ४०० ग्रॅमच्या पाकिटात १० नग, म्हणजे एक सॉसेज ४० ग्रॅमचं आणि चार झाली १६० ग्रॅम. पोटात गेलं काय? प्रोटीन १९ ग्रॅम, चरबी २९ ग्रॅम, सोडियम १३६० मिलिग्रॅम. मिठात सांगायचं तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचं साडेतीन ग्रॅम संध्याकाळी पाचलाच संपलं. पाव, केचप, सकाळची भाजी आणि रात्रीची आमटी अजून धरलेलीच नाही.

याला प्रोटीनचं खाणं म्हणायला मी तयार नाही. हा मिठाचा आणि चरबीचा पदार्थ आहे, त्यात थोडं प्रोटीन आहे. तीन अंडी उकडली तर तेवढंच प्रोटीन मिळतं, चरबी निम्मी आणि मीठ नावापुरतं. शिजवलेलं छातीचं चिकन १०० ग्रॅम घेतलं तर ३० ग्रॅम प्रोटीन आणि चरबी चार ग्रॅमच्याही आत. मग सॉसेजमधलं चिकन गेलं कुठे? घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. तुमच्या पाकिटावर चिकननंतर लगेच पाणी आहे, मग चिकनची कातडी, तेल, स्टार्च. पाण्याला आणि कातडीला चिकनचा भाव देताय तुम्ही. (मी सदाशिव पेठेत वाढले, असलं माझ्या लगेच लक्षात येतं.)

त्याच यादीत शेवटी २५० असा आकडा दिसेल. ते सोडियम नायट्राइट. कुकरमध्ये चिकन शिजलं की पांढरं होतं आणि हे सॉसेज शिजूनही गुलाबी राहतं, ते त्यामुळे. ते टाकतात ते उगीच नाही. बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जंतू ते वाढू देत नाही. त्या रोगाचं नावच 'सॉसेज' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलंय. पण हेच नायट्राइट तापत्या तव्यावर आणि पुढे पोटातही मांसातल्या घटकांशी मिळून नायट्रोसामाइन तयार करतं, आणि त्यातली बरीच कर्करोगाला निमित्त होतात. तव्यावर काळं केलं की त्यात जळण्यातून होणाऱ्या घातक द्रव्यांची भर पडते.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण मथळ्यापुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. त्यावरून सॉसेज आणि सिगारेट सारखीच, असा बोभाटा झाला. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. धोक्याचा आकडा असा : रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. समजा १०० माणसांत ५ जणांना तो होणार असेल, तर ५ चे जवळपास ६ होतील. घाबरून पाकीट फेकून द्यावं असा हा आकडा नाही. पण तुमचा मुलगा रोज १६० ग्रॅम खातोय, आणि तेही सतराव्या वर्षापासून.

'पोर्क नाही, चिकन आहे' ही पळवाट चालणार नाही. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या त्या व्याख्येत कोंबडीही येते. लाल मांसातलं, आतड्याच्या कर्करोगाशी जोडलं जाणारं लोह चिकनमध्ये कमी असतं, तेवढा फायदा खरा. पण मीठ आणि २५० नंबर आहेच.

राहिला वडापाव. तळणीचं तेल, मैद्याचा पाव, बटाटा... त्याची वकिली मी करणार नाही. पण तुमचा मुलगा वडापाव रोज, प्रोटीन म्हणून खात नाही.

प्रोटीन त्याला किती हवं? आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५८ किलोला ४८ ग्रॅम. वाढीचं वय आणि जिम धरून ७०–७५ ठेवा. त्यासाठी प्रोटीन पावडरचा डबा विकत आणायची गरज नाही. सकाळी दोन अंडी, डब्यात मटकीची उसळ, दूध-दही, दोन्ही वेळचं वरण, आणि संध्याकाळी चिकन.

आणि ते चिकन त्याच लांब पावात. पाव बंद करू नका, नाहीतर तो जिमखालच्या गाडीवर जाऊन खाईल. चिकनवाल्याकडून छातीचा खिमा करून आणा. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडं भाजलेलं डाळीचं पीठ आणि बेताचं मीठ घालून मळा आणि बोटभर लांबीचे मुटके वळा. मोदकपात्रात १५ मिनिटं वाफवून घ्या, मग थेंबभर तेलावर फिरवा. काळे करायचे नाहीत. पावात कांदा, काकडी, लिंबू आणि केचपऐवजी पुदिन्याची चटणी. माझ्या मुलानं पहिल्यांदा खाल्ले तेव्हा 'हे हॉट डॉग नाहीत' म्हणाला होता, आणि सहा संपवले.

खरं सॉसेज महिन्यातून एखाद्या वेळी, मित्र आले की. उकडून घ्यायला सांगा. घरात कुणी गरोदर असेल तर फ्रीजमधून काढून तसंच गार खायचं नाही. आत वाफ येईपर्यंत गरम झालेलंच खायचं, कारण गरोदरपणात घातक ठरणारा लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो.